तिखट नाही, तरी जपून: मुलांना घेऊन ओसाका-क्योतोत खाताना

जपानी जेवणात मिरची जवळजवळ नसतेच, म्हणून मुलांचं खाणं तिथे सोपं जाईल असं निघताना वाटतं. प्रत्यक्षात मुलं दुसऱ्याच गोष्टींवर अडतात. घास कढत असतो, काहीतरी बुळबुळीत लागतं, माशाचा वास येतो, नाहीतर पोटात कावळे ओरडायला लागतात नेमके दुपारी तीनला आणि समोरच्या दुकानाचं दार बंद असतं. छोटी खाणावळ साधारण साडेअकरा ते दोन चालते आणि मग थेट पाचला उघडते. त्यामुळे आम्ही जेवायला साडेअकराला जातो आणि पिशवीत एक ओनिगिरी ठेवतोच.

ओनिगिरी म्हणजे भाताचा त्रिकोणी गोळा, बाहेरून नोरी या समुद्री शेवाळाचा कागद. कुठल्याही कोन्बिनीत, म्हणजे सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्टसारख्या दुकानात मिळतो. नोरी कुरकुरीत राहावी म्हणून भात आणि नोरीच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, आणि वेष्टनावर १, २, ३ असे आकडे छापलेले असतात. आधी १ ची पट्टी टोकावरून खाली ओढून मागच्या बाजूने पूर्ण काढायची, मग २ चा कोपरा बाजूला, शेवटी ३ चा. मुलं आधी कोपरे ओढतात, मग नोरी फाटून निम्मी प्लास्टिकातच राहते. सुरुवात शिओ मुसुबीने करा, त्यात फक्त मीठ असतं. मग साके, म्हणजे सामन मासा (नाव तेच असलं तरी दारूचा संबंध नाही), किंवा ट्यूना-मेयो. उमे मात्र लगेच नको. ते खारवलेलं आंबट फळ आपल्या मोठ्यांना लोणच्यासारखं आवडतं, पण पहिल्याच दिवशी ते हाती पडलं तर मूल पुढचा आठवडाभर ओनिगिरीकडे संशयाने बघतं.

शाकाहारी घरांनी एक गोष्ट आधीच मान्य करून जावं. दाशी, म्हणजे तिथल्या बहुतेक रश्श्यांचा आधार, सहसा कोंबू शेवाळ आणि कात्सुओबुशी (वाळवून धुरावलेला बोनिटो मासा) यांचा असतो. वरून फक्त भाजी आणि टोफू दिसला तरी खाली मासा असतोच, आणि 'मांस नको' म्हटल्यावर माशाचा रस्सा वाढणाऱ्याला त्यात काही चुकतंय असं वाटत नाही. ज्यांच्या घरी सुकट भाजली जाते त्यांच्या मुलांना हा वास ओळखीचा वाटतो, बाकीच्यांना दोन-तीन दिवस लागतात.

रश्श्याची सवय लावायला ओसाकाचा कित्सुने उदोन उत्तम. जाड, मऊ गव्हाच्या शेवया, फिक्या रंगाचा रस्सा आणि वर गोडसर शिजवलेला तळलेल्या टोफूचा तुकडा. 'तोरीझारा' मागितलं की छोटी रिकामी ताटली मिळते. शेवया तिच्यात काढून पसरल्या की दोन मिनिटांत निवतात, वाडग्यात दहा मिनिटांतही निवत नाहीत. लहानग्यांसाठी खाण्याची छोटी कात्री जवळ असू द्या. तिथले आईबापही वापरतात, त्यामुळे कोणी वळून बघत नाही. सोबा, म्हणजे बकव्हीटच्या (आपल्या उपवासाच्या कुट्टूच्या) शेवया, यांची ॲलर्जी मात्र गंभीर असू शकते. बऱ्याच दुकानांत उदोन आणि सोबा एकाच पाण्यात उकळतात. ॲलर्जी असेल तर नुसता उदोन मागवून भागत नाही, सोबा नसलेलं दुकानच शोधावं लागतं. पाकीटबंद पदार्थांवर अंडं, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड यांची नोंद सक्तीची आहे. लेबलवर भाषांतराचं ॲप धरा.

आता ताकोयाकी. ओसाकात दोतोनबोरी या खाऊच्या भागात गेल्यावर मुलं ते मागणारच. बिडाच्या तव्यात अर्धगोल खळगे, म्हणजे आपल्या आप्पेपात्रासारखेच, पण एका तव्यात कितीतरी जास्त. पीठ दाशीत इतकं पातळ भिजवलेलं असतं की खळग्यांवरून ओसंडून वाहतं. त्यात ऑक्टोपसचा तुकडा, कांद्याची पात, लाल आलं. कडा धरल्या की टोकदार सळईने नव्वद अंशांत फिरवतात आणि बाहेर राहिलेलं पीठ आत कोंबतात, त्यानेच गोळा पुरा होतो. बाहेरून पापुद्रा, आत जवळजवळ खिरीसारखं पीठ. धोका इथेच आहे. वरचा भाग निवलेला लागतो आणि आतलं जिभेला चिकटून भाजतं. फुंकर मारून काही होत नाही. काडीने मधोमध फोडायचं, वाफ जाऊ द्यायची, निदान तीन मिनिटं थांबायचं. तेवढा वेळ वरच्या कात्सुओबुशीच्या पापड्या वाफेने हलतात, मुलं त्या बघत बसतात. ऑक्टोपस चिवट असतो, चार वर्षांखालच्या मुलासाठी तो काढून टाका. उरलेलं पीठच खरं चवदार असतं, असं माझं ठाम मत आहे.

ओकोनोमियाकीत, म्हणजे कोबी घातलेल्या जाड धिरड्यात, आपल्या बाजूने भीती एकच: टेबलातच तापलेला तवा असतो. मुलाला भिंतीकडे बसवा. पोर्क नको असेल तर बुतातामाऐवजी (त्यात पोर्क असतं) एबीतामा (कोळंबी) किंवा इकातामा (स्क्विड) सांगा.

फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीत मुलांसाठी तामागो (गोडसर ऑम्लेट), काप्पा माकी (काकडी) आणि कॉर्न-मेयो असतं. वासाबी, म्हणजे नाकात झणझणणारी हिरवी चटणी, नको असेल तर 'साबी-नुकी' म्हणा. टेबलाला एक छोटा नळ असतो, त्याचं बटण कपाने दाबलं की चहासाठी उकळतं पाणी येतं. मुलांना तो हात धुवायचा नळ वाटतो. बसल्याबसल्या पहिलं काम म्हणजे त्या नळाशेजारी मोठ्या माणसाने बसणं.

मोची (कुटलेल्या चिकट भाताचा गोळा) आणि दांगो (काडीला खोचलेले पिठाचे गोळे) लहानांना देऊ नका. चिकट भाताचं ते पीठ घशात अडकतं, आणि दांगोची काडी तोंडात धरून पळणं आणखी वाईट. थंडीत देवळांपाशी मिळणाऱ्या आमाझाकेचे, म्हणजे तांदळाच्या गोड पेयाचे, दोन प्रकार असतात. कोजीवर (बुरशी वाढवलेल्या तांदळावर) केलेल्यात अल्कोहोल नसतं, साके या दारूच्या चोथ्याच्या आमाझाकेत थोडं उरतं, तेव्हा विचारून घ्या. क्योतोच्या निशिकी बाजारात चालत खाऊ नका अशी विनंती असते. दुकानापुढेच उभं राहून संपवायचं आणि काडी त्यांनाच परत द्यायची, कारण रस्त्यावर कचराकुंडी सहसा सापडत नाही.

चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत, एवढं मुलांना आधीच सांगा. तसं मृताच्या भातात करतात. आपल्याकडे पिंड म्हटल्यावर जे वाटतं, तेच समोरच्या आजींना वाटतं.

शेवटी रामुने. हा आपलाच गोटी सोडा, त्याच कॉड बाटलीतला. वरचा प्लास्टिकचा कागद सोलायचा, टोपणातला दट्ट्या त्याच्या कड्यातून मोकळा करायचा, बाटली टेबलावर घट्ट धरून तळहाताने गोटी आत दाबायची आणि फेस बसेपर्यंत पाच-सात सेकंद हात उचलायचा नाही. मुलं लगेच हात काढतात आणि निम्मा सोडा शर्टावर येतो. पिताना बाटलीच्या मानेवरचे दोन खळगे खालच्या बाजूला ठेवा, गोटी तिथे अडते आणि तोंड बंद होत नाही. काही बाटल्यांचं प्लास्टिकचं तोंड फिरवून निघतं आणि गोटी हातात येते. धाकटं भावंड सगळं तोंडात घालण्याच्या वयाचं असेल, तर तोंड फिरवून निघतं हे थोरल्याला सांगू नका.