आईला घेऊन परळ ते भांडुप, बसनेच

आम्ही कुडाळचे. आईच्या तपासणीसाठी दर दोन महिन्यांनी परळला जावं लागतं. संध्याकाळी तुतारी एक्सप्रेस पकडायची, सकाळी दादर, मग हॉस्पिटल आणि ते आटपलं की भांडुपला मावशीकडे. आणि दरवेळी भांडुपला पोचलो की मावसभाऊ तेच विचारतो, अगं लोकलने का नाही आलीस, बसमध्ये दोन तास का मोडतेस.

लोकल लवकर पोचते हे मलाही माहीत आहे. पण आईचे गुडघे गेलेत. स्टेशनचा पूल चढायचा, तोच पलीकडे उतरायचा, गाडी थांबते अर्धं मिनिट आणि तेवढ्यात मागच्या लोंढ्याबरोबर आत शिरायचं. एकदा दारात एवढी माणसं होती की भांडुपला आम्हाला उतरताच आलं नाही, सरळ मुलुंडला गेलो, आणि तिचा हात माझ्या हातात थरथरत होता. त्या दिवशी ठरवलं की आई बरोबर असेल तर बसच.

बेस्टच्या बसमध्ये ज्येष्ठ नागरिकांना पुढच्या दारानं चढता येतं, ही गोष्ट गावाकडून येणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून मुद्दाम लिहितेय. मागच्या दाराशी धक्काबुक्की चालू असली तरी आई पुढून शांतपणे चढते, आणि काही नवीन एसी गाड्यांची पायरी तर इतकी खाली आहे की माझा हातसुद्धा लागत नाही तिला. पाटीवरचा नंबर मराठी आकड्यात असतो तो ती लांबूनच वाचते आणि मला सांगते, इली गो आपली.

पहिल्यांदा बसलो तेव्हा तिनं कंडक्टरकडे अर्धं तिकीट मागितलं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे ना, तिला वाटलं सरकारी बस म्हणजे सगळीकडे तेच. कंडक्टर हसले आणि चक्क मालवणीत म्हणाले, "काकी, ता एसटीत, हय नाय. खयच्या तुमी?" कुडाळच्या म्हटल्यावर, "मी कणकवलेचो." मग काय, हिंदमाता येईपर्यंत दोघांचं यंदा आंबो कसो आणि पाऊस कसो हेच चाललं होतं. एवढ्या मोठ्या शहरात तिला पहिल्यांदा कुणीतरी आपलं भेटलं, तेही बसमध्ये, मला फार बरं वाटलं.

त्यांनीच तिला टीटी म्हणजे काय ते सांगितलं. परळ टीटी, दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम ३१ मार्च १९६४ ला कायमची बंद झाली पण नावं तशीच राहिली. बस ट्राम बंद व्हायच्या कितीतरी आधीपासूनची, पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली, म्हणजे २०२६ ला शंभर वर्षं.

आता ट्रॅफिकचं. आंबेडकर रोडनं सायनपर्यंत, तिथे राणी लक्ष्मी चौकात उतरून मुलुंडकडची दुसरी बस. पण एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ ला पाडायला बंद केला आणि तिथली सगळी वाहनं दादरच्या टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर वळली, सायनचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४ मध्येच बंद करून नव्यानं बांधायला घेतला, आणि पुढे एलबीएस (लालबहादूर शास्त्री) रोड म्हणजे कुर्ल्याला आधीच अरुंद आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मेट्रो ४ च्या कामानं खाल्लेला. चलो ॲपवर बस नकाशात दिसते, पण दिसते म्हणजे एका जागी थांबलेली दिसते. स्टॉपवर पस्तीस मिनिटं आईला कठड्यावर बसवून मी त्या ठिपक्याकडे बघत उभी असते. बसमध्ये बसल्यावर दीड तास लागला तरी तिला त्रास नाही, खिडकी असते, वारा असतो. जीव जातो तो स्टॉपवर.

आणि मग राग येतो खरं सांगायचं तर. घाटकोपरला सिग्नलला खिडकीतून बघितलं की आजूबाजूला नुसत्या मोटारी, बहुतेकांत एकच माणूस, आणि त्यांच्या मागे अडकलेली आमची बस, तिच्यात पन्नास-साठ जण, त्यात आईसारख्या किती तरी म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, फाइल छातीशी धरून हॉस्पिटलमधून परतणारी माणसं. रस्त्यावर आधी हक्क कुणाचा असायला हवा? बससाठी एक पट्टा राखून ठेवला तर निदान थांबलेला ठिपका हलेल तरी. एकेकाळी बेस्टकडे ४००० च्या वर बसगाड्या होत्या, आता ३००० च्याही खाली आल्यात. कमीत कमी भाडं जुलै २०१९ ला ८ वरून ५ रुपये केलं होतं, मे २०२५ पासून १० झालं, एसीला १२. दहा रुपये द्यायला आई कुरकुर करत नाही, मीही नाही, रिक्षा-टॅक्सीच्या मानानं काहीच नाहीत ते. पण गाड्या वाढवा हो.

मला लोकलचा पास काढून रोज पळणाऱ्यांचं कौतुकच आहे. पण साठीनंतर, ऑपरेशननंतर, पोटुशी असताना ज्यांना पूल चढता येत नाही, त्यांचं शहर बसच्या मार्गाएवढंच असतं आणि बस नाही आली की ते घराच्या दारातच संपतं.

पुढची तारीख श्रावणात आहे. पाऊस असणार, हिंदमाताला पाणी भरतं आणि मग आंबेडकर रोडची बस कुठून वळवतील सांगता येत नाही. म्हणून ठरवलंय, हॉस्पिटलमधून निघायच्या आधी ॲप बघायचं, आणि पाणी भरलं असेल तर त्या रात्री लालबागला मामाकडेच राहायचं. आईनं मामाला सोलं आणि कुळथाचं पीठ आत्ताच बांधून ठेवलंय.