काकांच्या दूध केंद्राची वही आणि माझं पायथन

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे सुरुवातीचे धडे संपले तेव्हा मला फॉर लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी सगळं येत होतं. दिलेली गणितं सोडवायचे. पण कोरी फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नसे. धड्यात काय दिलंय आणि काय काढायचंय ते आधीच लिहिलेलं असतं, प्रकल्पात ते आपणच ठरवायचं असतं. आणखी एक कोर्स लावण्याऐवजी मी काकांकडून त्यांच्या दूध संकलन केंद्राची जुनी वही मागून घेतली.

वहीत प्रश्नाबरोबर उत्तरंही होती. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), त्यावरून लागलेला दर, आणि दर दहा दिवसांनी निघणारा दुधाचा पगार. काकांनी कॅल्क्युलेटरवर काढलेला आकडा माझ्या प्रोग्रामनं दिला की काम बरोबर. त्यासाठी कोणाला विचारायला जायची गरज नव्हती.

लॅपटॉप उघडण्याआधी कागदावर चार चौकटी काढल्या: उत्पादक, रोजचं संकलन, दरपत्रक आणि कपात, म्हणजे पेंड नि उचल. मग एकच खातं घेतलं, गाईच्या दुधाचं, तेही एकाच पगारापुरतं. आकडे थेट कोडमध्येच लिहिले, डेटाबेस नाही की बटणं नाहीत. बेरीज जुळली तेव्हा दुसरं खातं घेतलं, मग म्हशीचं दूध, मग कपात. प्रत्येक टप्पा चालला की गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, कमिट करायचे (तेवढी आवृत्ती नोंदवून ठेवायचे). पुढे काही मोडलं तरी चालत्या कोडवर परत येता येतं, म्हणून बदल करताना हात आखडत नव्हता.

मग एका खात्यात एका रुपयाचा फरक आला, आणि तो शोधताना मी धड्यांपेक्षा जास्त शिकले. एकूण रक्कम १८४२.५० होती. वहीत १८४३, प्रोग्राममध्ये १८४२. पायथनचं राउंड फंक्शन बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतं, काका मात्र पन्नास पैशांना पुढचा रुपया धरतात. शिवाय साध्या दशांश संख्यांत ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, कारण संगणक त्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवतो. पैशांसाठी डेसिमल मॉड्यूल घेतलं, त्यात अर्ध्याला वर न्यायचा नियम सांगता येतो. दोन्ही आकडे जुळले.

दुसरी परीक्षा दरवाढीनं घेतली. गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला असतो, त्याखाली पॉइंटमागे कपात. हा मूळ दरच पगाराच्या मध्ये बदलला. मी दरपत्रकाला ‘कधीपासून लागू’ अशी तारीख जोडली आणि त्या दिवसाचा दर शोधायचं काम एका वेगळ्या फंक्शनकडे दिलं. बाकीच्या कोडला हातही लावावा लागला नाही. हे जमल्यावर मला पहिल्यांदा खात्री वाटली की पुढचं जे येईल तेही मी सोडवेन.

नंतर माहिती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये हलवली. ते पायथनबरोबरच येतं, वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. केंद्रावरच्या जुन्या संगणकाला ते झेपलं. माहितीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी नावांची भलतीच अक्षरं दिसत होती. ‘यूटीएफ-८-सिग’ एन्कोडिंग दिल्यावर नावं नीट आली.

सध्या काका वही आणि प्रोग्राम दोन्ही ठेवतात आणि दर पगाराला ताळा करतात. परवा त्यांनी विचारलं, “अगं, एखाद्याची उचल पगारापेक्षा जास्त झाली तर बाकी पुढच्या पगारात जाईल ना?” अजून जात नाही. कपातीत ‘मागील बाकी’ जोडायची आहे आणि हाती पडणारी रक्कम शून्याखाली जाऊ द्यायची नाही. या आठवड्यात तेच लिहितेय.