दोनदा रौप्य मिळालेले गुरुजी

लेकीला स्केटिंगला घातल्यापासून मालवणहून आईचा एकच धोशा चाललाय, "अगो, चेडवाक बर्फार कित्याक नेतंस? पडात मां!" आणि इथे टोरोंटोत पहिल्याच दिवशी पोरांना काय शिकवलं, तर पडायचं कसं! गुडघे वाकवून कुशीवर पडायचं, बोटं लगेच मुठीत घ्यायची, नाहीतर मागून येणाऱ्याच्या बुटाचं पातं बोटांवरून जायचं. मग एका गुडघ्यावर येऊन उठायचं.

याच शहरातल्या क्रिकेट, स्केटिंग अँड कर्लिंग क्लबात कॅनडाचे एकेकाळचे फिगर स्केटर ब्रायन ऑर्सर यांनी शिष्य घडवले. त्यांची हकिकत मी हल्ली भेटेल त्याला सांगते. ट्रिपल अ‍ॅक्सेल म्हणजे पुढे तोंड करून झेप घ्यायची आणि हवेत साडेतीन गिरक्या. ऑलिंपिकमध्ये ती पहिल्यांदा यांनीच मारली, १९८४ साली, साराएव्होत. पदक मात्र रौप्य. १९८७ मध्ये जगज्जेते झाले. १९८८ चं ऑलिंपिक तर घरचंच, कॅल्गरीला. उद्घाटनाला कॅनडाचा झेंडा यांच्याच हातात. पण एक उडी उतरताना तोल गेला, दुसरी ट्रिपल अ‍ॅक्सेल डबलवरच राहिली. नऊ पंचांपैकी पाच अमेरिकेच्या ब्रायन बॉइटानोकडे, चार यांच्याकडे. पुन्हा रौप्य, तेही आपल्या माणसांसमोर!

दुसरा कुणी त्या बर्फाकडे फिरकला नसता. यांनी कोरियाची किम युना घडवली आणि २०१० मध्ये व्हँकुव्हरला, म्हणजे कॅनडातच, तिला सुवर्ण मिळालं. जपानच्या युझुरू हान्यूला २०१४ आणि २०१८, दोन्ही वेळा. २०१८ ला कांस्य मिळवणारा स्पेनचा हाविएर फर्नांडेझही यांचाच चेला. दोघं एकाच रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, शेजारी सराव करायचे. एकमेकांवर मात करायला निघालेल्या दोघांना सारख्याच मायेनं शिकवायचं, हे मला त्या पदकांहून मोठं वाटतं.

कुणी म्हणेल, तिकडे सगळं आयतं आहे. आहेच. थंडीत महापालिकेच्या उघड्या रिंकवर स्केटिंग फुकट असतं. पण आपल्या वाडीतले काका वर्षानुवर्षं कबड्डीच्या मैदानावर पोरं तयार करतात, तेही दमडी न घेता, नोकरीवरून दमून आल्यावर. माया तिथेही तीच आहे. फरक एवढाच, की इथे ऑर्सरना टाळ्या मिळतात आणि आपल्याकडे काकांना कार्यक्रमपत्रिकेत जागाही मिळत नाही. मी परदेशात बसून शिकवतेय असं वाटलं तरी चालेल, मंडळाच्या ग्रुपवर मी लिहिलंय: यंदा पुढाऱ्यांच्या आधी काकांना शाल-श्रीफळ द्या. खर्च माझ्याकडे.