ग्लासगोच्या वर्ल्डकॉनमध्ये पंधरा टाके

८ ते १२ ऑगस्ट २०२४ असे पाच दिवस ग्लासगोला वर्ल्डकॉन होतं. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या चाहत्यांचं हे संमेलन पहिल्यांदा १९३९ साली न्यूयॉर्कला भरलं. ग्लासगोची ही १९९५ आणि २००५नंतरची तिसरी खेप. मी एडिनबराहून गेले. क्वीन स्ट्रीटला उतरायचं, चालत सेंट्रल गाठायचं आणि तिथल्या खालच्या फलाटावरून लोकल पकडायची. दुसरंच स्टेशन एक्झिबिशन सेंटर. तिथून संमेलनापर्यंत वरून झाकलेला पूल आहे, त्यामुळे पावसातही लोकरीची पिशवी कोरडी राहते.

अशा संमेलनांत व्याख्यान ऐकता ऐकता विणणारे खूप असतात. आणि त्यांच्या शेजारी बसून "मलाही शिकायचंय" म्हणणारेही तितकेच. त्या दुसऱ्यांसाठी रोज तासभर बसायचं, असं मी ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी नऊ जण आले. मी सुरुवातीपासून सुरुवात केली, म्हणजे सुईवर टाके घालण्यापासून. चाळीस मिनिटांनी पाच उरले, आणि त्यांच्याही सुयांवर वेडेवाकडे सात-आठ टाके. मला फार वाईट वाटलं. लोक उत्साहाने आले होते आणि हात हलवत गेले. रात्री खोलीवर बसल्यावर आठवलं, की नाशिकला आईने मला शिकवलं तेव्हा स्वतःचं अर्धं झालेलं टोपडं हातात दिलं होतं. टाके घालायची वेळ महिनाभराने आली. मग त्या रात्री मी सुयांच्या दहा जोड्यांवर प्रत्येकी पंधरा टाके घातले, चार-चार ओळी विणल्या आणि झोपले.

कोणी असा गट जमवणार असेल, तर माझं ऐका: टाके घरूनच घालून न्या. नवख्या माणसाला नुसता सुलट टाका द्या. "आत, वळसा, बाहेर, सोड" हे आईचे चार शब्द मी इंग्रजीत म्हणत राहिले आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत टेबलावरचे सगळे विणत होते. पुढच्या तासात एकही जण उठला नाही.

त्यांतल्या एकाच्या गळ्यात 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेतल्या चौथ्या डॉक्टरचा पट्ट्यापट्ट्यांचा लांबलचक स्कार्फ होता, विकत घेतलेला. (मालिकेचा नायक 'डॉक्टर', आणि तो साकारणारे नट बदलत जातात.) १९७४ साली चौथा डॉक्टर झालेल्या टॉम बेकरसाठी मूळ स्कार्फ बनवताना वेशभूषाकार जेम्स अ‍ॅचिसन यांनी बेगोनिया पोप यांना भरपूर लोकर दिली आणि त्यांनी ती सगळीच्या सगळी विणून टाकली, म्हणून तो एवढा लांब. पण त्या स्कार्फात एकही उलट टाका नाही, सगळ्या ओळी सुलट, हे त्याला सांगितलं तेव्हा तो हातातल्या तुकड्याकडे बघतच राहिला. म्हणजे त्याला जे येत होतं, तेवढ्यावर तो स्कार्फ होणार होता!

त्याचे पंधराचे एकवीस टाके झाले होते. नवख्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. ओळ सुरू करताना लोकर सुईवरून मागे ओढली, की पहिला टाका ताणला जातो आणि एकाचे दोन दिसतात. दोन्ही विणले की टाका वाढला. लोकर सुईच्या खालून मागे न्यायला शिकवा आणि दर ओळीनंतर मोजायची सवय लावा.

सुयांचे नंबर कधीही तोंडी सांगू नका, मिलिमीटर सांगा. आपल्याकडचा आणि जुना ब्रिटिश ८ नंबर म्हणजे ४ मिमी. अमेरिकन ८ म्हणजे ५ मिमी. ६ नंबरचं नेमकं उलट. मी ५ मिमीच्या बांबूच्या सुया नेल्या होत्या: टाका घसरत नाही, आणि व्याख्यानात खाली पडल्या तरी खणखणाट नाही. लोकर फिक्या रंगाची आणि जरा जाड घ्या, काळ्या लोकरीत टाका दिसतच नाही. कोणाला लोकर टोचते, म्हणून एक-दोन जोड्यांवर अ‍ॅक्रिलिकच्या धाग्याचे टाके घाला. निसटलेल्या टाक्यांसाठी एक क्रोशाची सुई हवीच. ब्रिटनच्या विमानतळांवर विणायच्या सुया हातातल्या सामानात चालतात; भारतातून येताना मात्र मी त्या मोठ्या बॅगेत टाकते.

डावखुरे असतील त्यांना शेजारी नाही, समोर बसवा. आरशात बघितल्यासारखं त्यांना आपोआप जमतं. जाणकार मदतीला आले, की लोकर डाव्या हातात धरायची की उजव्या, यावर चर्चा सुरू होते. नवख्यांसमोर ती नको. आणि ओळखपत्राच्या दोरीला लोकरीचा एक रंगीत धागा बांधा. मला त्यावरून लोक जेवणाच्या रांगेतही शोधून काढत होते.

टाके बंद करणं मी सोमवारी, शेवटच्या दिवशी शिकवलं. चौघांनी आपापले चौकोन बंद करून नेले. स्कार्फवाल्याने बंद केलाच नाही. त्याने सुईच्या टोकाला रबरबँड गुंडाळला, तुकडा तसाच पिशवीत ठेवला आणि या लोकरीचं नाव काय म्हणून विचारलं. मी गुंड्यावरचं लेबल काढून त्याला दिलं.