नावाची पट्टी नसलेल्या ऑर्किडांची ओळख पटवताना

फोंडा तालुक्यातील आत्याचे घर बंद करण्याचे ठरले, तेव्हा तिच्या राजांगणातील आणि परसातील सगळी ऑर्किड माझ्याकडे आली. काही भोके पाडलेल्या मातीच्या कुंड्यांत होती, काही लाकडी टोपल्यांत, तर काही किंदळीच्या ओंडक्यांना तारेने बांधलेली होती; नावाची पट्टी मात्र एकाही झाडाला नव्हती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून, जत्रांतून आणि नातेवाइकांकडून आत्याने ती वर्षानुवर्षे जमवली होती. प्रत्येक झाड कोणी दिले हे ती अचूक सांगत असे, पण त्याचे नाव विचारण्याची गरज तिला कधी भासली नव्हती, कारण कोणाला कधी पाणी घालायचे हे तिच्या हाताला ठाऊक होते. ती सवय माझ्याकडे नव्हती, म्हणून मला ओळख पटवणे भाग होते.

मोबाइलवरील ॲपना पानांची छायाचित्रे दाखवली, तर एकाच झाडाला दोन कोनांतून दोन वेगळी नावे मिळाली. त्यात नवल नाही. आमरीकुळात, म्हणजे ऑर्किडांच्या कुळात, पंचवीस हजारांहून अधिक नैसर्गिक जाती आहेत आणि माणसाने घडवलेल्या नोंदणीकृत संकरांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे. नुसत्या पानावरून यांतले एक नाव निवडणे जाणकारालाही शक्य नसते. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका परिचित सरांना मी झाडे दाखवली, तेव्हा त्यांनी नाव सांगण्याचे टाळले आणि म्हणाले, "बाई, फूल येईल तेव्हा येईल. आधी झाड वाढते कसे आणि मुळे कशी आहेत ते बघा. पाणी किती घालायचे ते तिथेच कळेल." पुढचे सगळे काम या एका सूचनेवर उभे राहिले.

वाढीच्या रीतीवरून ऑर्किडचे दोन गट पडतात. पहिल्या गटात एकच खोड असते, ते शेंड्याकडून वाढत जाते आणि पाने दोन्ही बाजूंना समोरासमोरच्या ओळींत येतात. वांडा आणि फॅलेनॉप्सिस ही याची परिचित उदाहरणे. दुसऱ्या गटात आडवे खोड कुंडीच्या पृष्ठभागावरून सरकत जाते आणि त्यावर दर हंगामात नवा, बहुधा फुगीर कोंब उभा राहतो. डेंड्रोबियम, कॅटलिया, ऑन्सिडियम ही या गटातली. हा फुगीर भाग म्हणजे पाणी आणि अन्न साठवण्याची सोय. ती ज्या झाडाला आहे ते थोडी कोरड सहन करते, ज्याला नाही त्याची सगळी भिस्त जाड मुळांवर आणि पानांवर असते. मी कुंड्या या दोन गटांत वेगळ्या मांडल्या आणि पाणी घालण्याच्या दोन वेगळ्या वेळा ठरवल्या. ज्यांच्याकडे बिननावाची झाडे आहेत त्यांनी दुसरे काहीही करण्यापूर्वी एवढे करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. ते कोरडे असताना रुपेरी दिसते आणि भिजले की पारदर्शक होऊन आतला हिरवा रंग दिसू लागतो. मुळे रुपेरी झाली की पाणी घालायचे आणि हिरवी असतील तर थांबायचे, हा नियम झाडावर बसणाऱ्या बहुतेक ऑर्किडांना लागू पडतो आणि त्यासाठी नाव लागत नाही. प्रकाशाचे पानांवरून कळते. पाने गडद हिरवी आणि लुसलुशीत दिसत असतील, तर झाडाला फुलण्याइतका प्रकाश मिळत नाही. ती फिकट पोपटी असतील, तर प्रकाश बरोबर आहे. पिवळी पडून त्यांवर वाळके डाग आले, तर ऊन जास्त होते आहे. या खुणांवरून बरीच झाडे अंगणातल्या जांभळीच्या दाट सावलीतून पन्नास टक्के सावली देणाऱ्या शेडनेटखाली आली. पेन्सिलीसारखी गोल पाने असलेला वांडा मात्र उघड्या उन्हात ठेवला, कारण या गोल पानांच्या प्रकारांना भरपूर ऊन मिळाल्याशिवाय कळ्या धरत नाहीत.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो डेंड्रोबियमांचा. एकाच नावाखाली अगदी विरुद्ध स्वभावाची झाडे येतात आणि बाजारात ती शेजारी शेजारी ठेवून विकली जातात. उंच, ताठ आणि कठीण कांड्यांची, शेंड्याजवळ फुलांचा तुरा काढणारी झाडे ही मुख्यतः उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी या भागांतील जातींपासून घडवलेली संकरित आहेत. त्यांना गोव्याचा उष्मा मानवतो आणि पाणी वर्षभर लागते. मऊ कांड्यांची, कांडीभर पाने असलेली आणि पेरापेरावर दोन-तीन फुले काढणारी झाडे हिमालयाच्या पायथ्याकडील नोबिले जातीच्या वंशातली. त्यांना हिवाळ्यात थंडी आणि कोरड दोन्ही हवे असतात, आणि आपल्याकडे जानेवारीतही रात्री पारा विसाच्या आसपासच राहतो. अशा झाडाला पावसाळ्यासारखे पाणी मिळत राहिले, तर ते कळ्यांऐवजी पिल्ले, म्हणजे कांडीवरच फुटणारी छोटी रोपे, काढते. या गटातले एक झाड माझ्याकडे आहे. दिवाळीनंतर त्याचे पाणी मी जवळजवळ बंद करते आणि रात्री ते विहिरीजवळच्या मोकळ्या, गार जागेत टांगते. ते फुलते, पण मोजकेच. समुद्रसपाटीवर राहणाऱ्याने बाजारात हा प्रकार ओळखून टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे डेंड्रोबियम किंदळीच्या ओंडक्यावर होते. त्याच्या आखूड, फुगीर कांड्या पाऊस संपल्यावर पिवळ्या पडल्या, पाने गळून गेली आणि उरल्या त्या सुरकुतलेल्या काड्या. घरातल्या इतरांनी ते मेले असे धरले होते. सरांनी मात्र ते आपल्याच डोंगरातले असावे अशी शंका व्यक्त केली आणि त्याला अधूनमधून सकाळच्या दवापुरते शिंपण ठेवायला सांगितले. उन्हाळ्याच्या तोंडावर त्या निष्पर्ण काड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस आले, आणि ओठाच्या पाकळीवरील केसाळ भाग भिंगाखाली पाहिल्यावर ते पश्चिम घाटातील डेंड्रोबियम बार्बॅट्युलम असल्याचे निश्चित झाले. पानगळीच्या काळात अशा झाडाला कीव येऊन पाणी घालत राहणे त्याच्या मुळांना घातक ठरते.

असेच दुसरे देशी झाड म्हणजे सीतेची वेणी, शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. एकखोडी वाढ, जाड पट्ट्यासारखी पन्हळी पाने, त्यांवर फिकट उभ्या रेषा आणि टोक कुरतडल्यासारखे दुभंगलेले, एवढ्यावर अंदाज बांधता येत होता. मे महिन्याच्या अखेरीस जांभळे ठिपके असलेल्या फुलांचा दाट, लोंबता तुरा आला आणि अंदाज पक्का झाला. हेच फूल आसामात कोपौ म्हणून ओळखले जाते आणि बिहूच्या वेळी तिथल्या स्त्रिया ते केसांत माळतात. आपल्याकडे ते मोलेच्या आणि सत्तरीच्या रानात मोठ्या झाडांवर दिसते. येथे एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. रानातली ऑर्किड ओरबाडून आणून रस्त्याकडेला विकली जातात आणि नावाची पट्टी नसणे ही त्याचीही एक खूण असू शकते. अभयारण्यातून झाड उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि उपटलेले झाड मुळे तुटल्यामुळे घरी बहुधा जगतही नाही. आत्याची ही दोन्ही झाडे तिच्या कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, वादळात मोडून पडलेल्या फांद्यांवरची होती.

पहिल्या पावसाळ्यात ओळख पटवण्याचे काम बाजूला राहिले आणि झाडे वाचवण्याचे काम पुढे आले. गोव्यात बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि नारळाच्या सोडणात लावलेली झाडे या काळात सुकण्याची संधीच मिळत नसल्याने कुजू लागतात. म्हणून मी मे महिन्यातच, नवी मुळे फुटताना, सोडणे काढून त्यांच्या जागी लोणारी कोळसा आणि विटांचे मोठे तुकडे घातले. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मधोमध पाणी साचले की गाभा सडतो, तेव्हा त्या कुंड्या पागोळ्यांपासून दूर, किंचित तिरक्या टांगल्या. डेंड्रोबियमच्या एका कोवळ्या कोंबावर काळा, पाणचट डाग दिसताच पाते ज्योतीवर तापवून निरोगी भागापर्यंत कोंब कापला आणि जखमेवर दालचिनीची पूड लावली. ही पूड मुळांना लागू देऊ नये, कारण ती त्यांना कोरडी पाडते. गोगलगायी रात्री विजेरी घेऊन वेचाव्या लागतात, त्याला दुसरा चांगला उपाय मला सापडलेला नाही.

फुले येत गेली तशी नावे पुढे सरकली. फुलात बाहेरची तीन दले, आतल्या तीन पाकळ्या आणि त्यांतली एक ओठासारखी वेगळी, शिवाय मधोमध स्तंभ; त्या स्तंभाच्या टोकाची टोपी दात कोरण्याच्या काडीने अलगद उचलली की परागपुंज दिसतात. डेंड्रोबियम आणि कॅटलिया यांत ते चार असतात, वांडा आणि फॅलेनॉप्सिस यांत दोन. अशा तपासणीने प्रजाती, म्हणजे झाड डेंड्रोबियम की वांडा एवढे, बहुतेक वेळा ठरते. संकराचे नाव मात्र फुलावरून ठरवता येत नाही, कारण ते नाव आईबापांच्या जोडीला दिलेले असते. एकाच जोडीची भावंडे वेगवेगळ्या रंगांची निघतात आणि वेगवेगळ्या जोड्यांची मुले सारखी दिसू शकतात. चित्रांशी मिळतेजुळते दिसले म्हणून एखादे भारदस्त नाव लिहून टाकण्याचा मोह होतो. तसे एक चुकीचे नाव पुढे रोपांबरोबर दहा घरांत जाते आणि खोडून काढता येत नाही.

म्हणून माझ्या पट्ट्यांवर मी पाहिले तेवढेच असते, तेही पेन्सिलीने, कारण मार्करची शाई आपल्या उन्हात एका हंगामात उडते आणि पेन्सिल टिकते. एका बाजूला "डेंड्रोबियम संकर, कठीण कांडी, जांभळा, ओठ गडद, नाव अज्ञात" अशी नोंद आणि दुसऱ्या बाजूला आत्याने सांगितलेले, झाड कोणाकडून आले ते. एका बहुखोडी झाडाला अजून फूल आलेले नाही. त्याच्या पट्टीवर तारीख आणि "कांडीवर एकच जाड पान, कॅटलिया गट असावा" एवढेच आहे. कोणी पिल्लू मागितले तर ते मुळे बोटभर झाल्यावरच देते, आणि सोबत या पट्टीची जशीच्या तशी नक्कल देते.