बहात्तर की एकशे आठ?

मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा '७२ सीझन्स' हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मानेला पट्टा बांधून बसलो होतो. स्पॉन्डिलायटिस. डॉक्टरांनी बजावलेलं, मान हलवायची नाही. आणि कानात असलं संगीत की मान हलवल्याशिवाय ते नीट ऐकूच येत नाही. शेवटी पायाच्या अंगठ्यानं ठेका धरला. स्लेयर या दुसऱ्या मेटल बँडचा गायक टॉम अराया, त्याची आठवण काढून थोडा धीर आला. २०१० मध्ये त्याच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली. पुढेही तो गात राहिला, बास गिटार वाजवत राहिला, पण मान झटकणं मात्र बंद.

एप्रिल २०२३ मध्ये आलेला हा अल्बम. १२ गाणी, ७७ मिनिटं. १९८३ मध्ये पहिला अल्बम काढणारी पोरं आता साठीला टेकलेली. पण गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्डचा उजवा हात? गिटारच्या तारेवर वरून खाली, वरून खाली. परत वर येताना तारेला शिवायचंसुद्धा नाही. येता-जाता वाजवलं तर निम्म्या कष्टात तेच सूर निघतात, पण मग ते चावत नाहीत. आणि थ्रॅश, म्हणजे हे वेगवान, आक्रमक मेटल, चावला नाही तर ऐकायचा कशाला?

तक्रारही आहेच. लग्नाच्या पंगतीत आग्रह करकरून वाढतात ना, तसा एकेक रिफ, म्हणजे गिटारचा छोटा तुकडा, पुन्हा पुन्हा ताटात पडतो. मधली तीन-चार गाणी मी बिनदिक्कत गाळली असती. 'लक्स एटर्ना' बघा, साडेतीन मिनिटांच्या आत आटोपतं आणि तेवढ्यात १९८३ चा वारा अंगावरून जातो.

पण मग येतं शेवटचं 'इनामोराटा'. ११ मिनिटांहून लांब, त्यांनी एकट्यांनी रचलेल्या गाण्यांत सर्वांत लांब. इथे दुःख हीच प्रेयसी आहे. मध्येच गिटारी बाजूला होतात, नुसता बास चालत राहतो, आणि इतका वेळ धावणारी माणसं पहिल्यांदाच सावकाश चालताना दिसतात. हे गाणं मी कुणालाही गाळू देणार नाही.

७२ सीझन्स म्हणजे आयुष्याची पहिली १८ वर्षं, माणूस घडतो किंवा बिघडतो ती. हेटफील्डची कशी गेली? घरातला ख्रिश्चन सायन्स पंथ औषधपाणी न मानणारा. तो १३ वर्षांचा असताना बाप घर सोडून गेला. १६ व्या वर्षी आई कॅन्सरनं गेली.

आमच्या आईला मी नावाचा अर्थ समजावून सांगितला. ती जप करत होती. माळेवरचं बोट न काढता म्हणाली,

"ऋतू चार कुठले रे? सहा. अठरा चोक बहात्तर त्यांच्याकडे. आपल्याकडे अठरा सक एकशे आठ."

मी गप्प. तेवढ्यात तिच्या बोटाशी मेरुमणी आला. तो ओलांडत नाहीत. तिनं माळ उलटी फिरवली आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून, म्हणजे शेवटच्या, सुरुवात केली.

"किती वर्षांचा आहे तो गाणारा?"

"अल्बम आला तेव्हा एकोणसाठ."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "आवाज जरा बारीक कर."