गाडी दाबली जाण्यापूर्वी

आज भंगाराच्या आवारात जुन्या मोटारी दाबून त्यांचे गठ्ठे केले जाताना पाहिले. दाबण्याचे काम झटपट उरकते. हायड्रॉलिक प्रेस खाली येतो, काचा फुटतात, छत दारांवर बसते. त्याआधीची तयारी मला अधिक मोलाची वाटली. बॅटरी काढतात, एसीचा वायू हवेत न सोडता सिलिंडरमध्ये ओढून घेतात, आणि इंजिन ऑइल, कूलंट व टाकीत उरलेले इंधन उपसून ठेवतात, कारण त्यातले थोडेसेही जमिनीत मुरले तर माती आणि पाणी दोन्ही नासतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गाडीचा धूर कमी विषारी करणारा भाग, तर जपूनच कापून काढतात, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. एका गाडीच्या मागच्या काचेवर कुण्या लहान मुलाने चिकटवलेली कार्टूनची चित्रे अजून शाबूत होती आणि स्टिअरिंगचे कव्हर हात ठेवण्याच्या जागी झिजले होते; गाडीला जीव नसतो हे मान्य, तरी मला गलबलून आले. पुढे गठ्ठ्यांचे तुकडे होतात, चुंबकाने लोखंड वेगळे काढतात आणि भट्टीत त्याचे पुन्हा पोलाद होते. सीटचा फोम आणि मिसळलेले प्लॅस्टिक यांतले बरेचसे मात्र शेवटी जमिनीतच पुरले जाते, आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते.